टोकियो आलं, असं कोण म्हणालं?

विमानाची चाकं जमिनीला टेकली की आपली माणसं दोन कामं एकदम करतात. हवाईसुंदरीची नजर चुकवून कमरेचा पट्टा सोडतात आणि घरच्या ग्रुपवर 'सुखरूप पोचलो' असा निरोप टाकतात. जपानमध्ये नारिताला उतरणाऱ्याने पट्टा खुशाल सोडावा, निरोपाची मात्र घाई करू नये. पोचायला अजून बराच अवकाश असतो.

कारण नारिता टोकियोत नाहीच. ते शेजारच्या चिबा प्रांतात आहे, टोकियोच्या मध्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर. मुंबईचं तिकीट काढलेल्या माणसाला अंबरनाथला उतरवून वर हसतमुखाने 'मुंबईत आपलं स्वागत आहे' म्हणावं, तशातला हा प्रकार. २००४ पर्यंत तर या विमानतळाचं अधिकृत नावच 'नवा टोकियो आंतरराष्ट्रीय विमानतळ' होतं. पुढे त्याची कंपनी झाली तेव्हा नावातलं टोकियो गेलं आणि नारिता आलं. नाव खरं झालं, अंतर होतं तेवढंच राहिलं.

इतक्या लांब विमानतळ बांधायची हौस कुणाला, असं वाटेल. त्याची हकिकत मराठी वाचकाला ऐकल्याऐकल्या ओळखीची वाटेल. टोकियोचा जुना हानेदा विमानतळ अपुरा पडू लागला, तेव्हा सरकारने १९६६ मध्ये सानरिझुका नावाच्या शेतीच्या पट्ट्यावर बोट ठेवलं. ज्यांची शेतं होती त्यांना विचारायचं तेवढं राहून गेलं. शेतकरी बिथरले, विद्यार्थी त्यांना जाऊन मिळाले, आणि पुढची कित्येक वर्षं मोर्चे, धरणी, मारामाऱ्या चालल्या. दोन्ही बाजूंची माणसं मेली. १९७८ च्या मार्चअखेर उद्घाटन ठरलं, तर चार दिवस आधी आंदोलक गटारातून आत शिरले, नियंत्रण मनोऱ्यावर चढले आणि तिथली यंत्रं फोडून मोकळे झाले. उद्घाटन मे महिन्यावर गेलं. त्या धसक्याने विमानतळाच्या दारात येणाऱ्या प्रत्येकाची ओळखपत्रं तपासायची जी पद्धत पडली, ती थेट २०१५ पर्यंत. काही शेतकऱ्यांनी शेवटपर्यंत जमीन दिली नाही ती नाहीच. म्हणून दुसरी धावपट्टी २००२ मध्ये आखूडच उघडावी लागली आणि नंतर उलट्या दिशेला वाढवावी लागली. विमानं धावतात त्या वाटांच्या मधोमध अजून शेत आहे. आपलं विमान वळत असताना खिडकीतून भाजीचे वाफे दिसले, तर डोळे चोळू नका.

रेल्वेची गंमत आणखी वेगळी. सरकारला थेट टर्मिनलच्या पोटात बुलेट ट्रेन आणायची होती. त्यासाठी जमिनीखाली स्टेशनाचा सांगाडा बांधूनही ठेवला. केइसेई ही खासगी रेल्वे कंपनी बिचारी आधीच रूळ टाकून आली होती, पण तिला 'तुम्ही जरा बाहेरच थांबा' असं सांगण्यात आलं. त्यामुळे १९७८ पासून १९९१ पर्यंत रेल्वेने येणारा प्रवासी टर्मिनलच्या अलीकडे उतरायचा आणि उरलेल्या वाटेसाठी बस पकडायचा. बुलेट ट्रेन आलीच नाही. शेवटी तिच्यासाठी खोदलेल्या सांगाड्यात १९९१ मध्ये दोन साध्या रेल्वे आणून बसवल्या. सरकारी कामाची ही चाल बघितली की जपानबद्दल एकदम आपलेपणा वाटू लागतो.

हा आपलेपणा विमानतळाच्या आतपर्यंतच टिकतो. बाहेर आलं की खरी पंचाईत सुरू होते, आणि ती पंचाईत गैरसोयीची नसते. ती सोयीची असते.

मराठी माणूस परदेशी विमानतळाच्या बाहेर पडतो तो लढाईच्या पवित्र्यात. आयुष्यभर रिक्षावाल्यांशी, टॅक्सीवाल्यांशी आणि हमालांशी झुंजून त्याने चार शस्त्रं कमावलेली असतात. पहिलं, कुणी आपणहून जवळ आला तर त्याच्याकडे बघायचं नाही. दुसरं, सांगितलेल्या भाड्याचं निम्मं करून बोलायला सुरुवात करायची. तिसरं, रस्ता तिघांना विचारायचा आणि बहुमताने जायचं. चौथं, काही झालं तरी बॅगेवरचा हात काढायचा नाही. नारिताला ही चारही शस्त्रं म्यानातच गंजतात. जवळ कुणी येतच नाही. भाडं छापलेलं असतं. पहिल्याने सांगितलेला रस्ता बरोबर निघतो, मग उरलेल्या दोघांना विचारायचं कशासाठी? लढायला आलेल्या माणसासमोर शत्रूच उभा राहिला नाही, की त्याला उगीच हरल्यासारखं वाटतं.

आमचा भाचा टोकियोच्या पूर्वेला निशी-कासाईत राहतो. त्या भागात भारतीयांची इतकी वस्ती आहे की मूळचे मराठी असलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये तिथल्या एदोगावा प्रभागाच्या सभागृहात निवडूनही आले. भाच्याने आम्हाला आधीच बजावलं होतं, "मामा, मी घ्यायला येत नाही हं. इथे कुणीच कुणाला घ्यायला येत नाही. पण एकदम सोपं आहे."

आपल्याकडे विमानतळावर माणूस घ्यायला जाणं हे अंत्यविधीला जाण्याइतकं सक्तीचं. अख्खं कुटुंब जातं, वर शेजारचा मुलगा गाडी काढतो. इथे सख्खा भाचा 'सोपं आहे' म्हणून फोन ठेवतो. त्याने व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं सोपेपण असं होतं : केइसेईच्या गाडीने केइसेई-फुनाबाशी. तिथे उतरून चालत जेआरच्या (म्हणजे जपान रेल्वेच्या) फुनाबाशी स्टेशनला. तिथून एक स्टेशन पुढे निशी-फुनाबाशी. तिथे तोझाई मार्गाची मेट्रो. खाली टीप : 'फुनाबाशी तिन्ही वेगवेगळी आहेत, गोंधळ करू नका.'

हिने तो निरोप शांतपणे वाचला आणि म्हणाली, "अहो, हा लहानपणी आपल्याकडे राहायला यायचा तेव्हा आपण याला स्टेशनवर आणायला जायचो ना?"

मी म्हटलं, "जायचो."

"उगाच जायचो," ती म्हणाली.

तर आता तळघरात या. दोन रेल्वे कंपन्यांच्या तिकीटखिडक्या शेजारी शेजारी. एक जेआर, दुसरी ती जुनी सोसलेली केइसेई. जेआरची 'नारिता एक्स्प्रेस' साधारण तासाभरात टोकियो स्टेशनला नेते आणि तीन हजार येनच्या वर घेते. केइसेईची 'स्कायलायनर' २०१० पासून नव्या मार्गाने ताशी १६० किलोमीटरच्या वेगाने धावते आणि जेमतेम चाळीस मिनिटांत निप्पोरीला सोडते. तिला अडीच हजारांच्या आसपास. याच कंपनीची साधी जलद गाडी जवळपास निम्म्या पैशात नेते. तिच्याही खाली आणखी स्वस्त, आणखी सावकाश अशी एक. शंभर येन म्हणजे पंचावन्न-साठ रुपये, हा हिशेब तोंडपाठ असल्यामुळे आपण प्रत्येक पाटीपुढे मनातल्या मनात आकडेमोड करत उभे राहतो, आणि मागची रांग अवाक्षर न काढता आपल्याला बाजूने वळसा घालून जाते.

शेवटी चौकशीच्या खिडकीशी जावं लागतं. तिथली मुलगी आपल्याला बघताच उठून उभी राहते. इथेच आपण निम्मे खचतो. आपल्याकडे चौकशीच्या खिडकीवरचा माणूस आपल्याला बघून जेवायला जातो. आपण विचारतो, "टोकियोला जायला सगळ्यात चांगलं काय?" ती एक छापील कागद काढते, पेनाने चार गाड्यांभोवती गोल करते. प्रत्येकीसमोर वेळ, भाडं, फलाट, कुठे बदलायचं ते लिहिते. कागद फिरवून, दोन्ही हातांनी आपल्यासमोर धरते आणि विचारते, "आपल्याला कोणती सोयीची वाटते?"

आता हे जर आपल्याला ठरवता आलं असतं, तर आपण खिडकीशी कशाला आलो असतो? आपल्याला माहिती नको असते, आपल्याला मत हवं असतं. म्हणून आपण विचारतो, "तुम्ही असता तर कशाने गेला असता?" यावर तिचा चेहरा पहिल्यांदाच गोंधळतो. ती खरोखर विचार करू लागते. मग फार जड अंतःकरणाने सांगते, "मी नारितातच राहते."

गाडी निवडली म्हणजे संपलं, असंही नाही. नारिता एक्स्प्रेसच्या बऱ्याच गाड्या टोकियो स्टेशनवर दोन तुकडे होऊन पुढे जातात. पुढचे डबे एका दिशेला, मागचे दुसऱ्या. एक तुकडा शिंजुकूकडे, दुसरा योकोहामाच्या वाटेला. नवरा खिडकीशेजारी बसायला म्हणून पुढच्या डब्यात आणि बायको सामानाशेजारी म्हणून मागच्या डब्यात, असं बसलं तर एकाच गाडीत बसून दोन शहरांत उतरता येतं. संसाराला बरीच वर्षं झालेल्यांनी ही सोय ध्यानात ठेवावी.

केइसेईच्या साध्या जलद गाडीची तऱ्हा याहून न्यारी. तिच्यातल्या काही गाड्या शहराखालच्या भुयारी मार्गात शिरतात, दुसऱ्या टोकाला तिसऱ्याच कंपनीच्या रुळांवर निघतात आणि थांबतात कुठे, तर हानेदा विमानतळावर. रात्रभराच्या प्रवासाने शिणलेला माणूस नारिताला गाडीत बसतो, डुलकी लागते, जाग येते तेव्हा समोर पुन्हा बॅगांच्या गाड्या, पुन्हा विमानांच्या वेळांचे फलक. आपण परत आलो की अजून निघालोच नाही, हे त्याला कळेनासं होतं. मधलं टोकियो तेवढं झोपेत गेलेलं असतं.

टॅक्सी हा पर्याय आहे म्हणायला. टोकियोच्या मध्यापर्यंत वीस ते तीस हजार येन. एवढ्या पैशात आपल्याकडे माणूस विमानाने नागपूरला जाऊन, संत्र्याची बर्फी घेऊन परत येईल. तरी एकदा टॅक्सी जवळून बघावी. हातमोजे घातलेला चालक, आसनांवर पांढरी शुभ्र झालर, आणि मागचं दार आपोआप उघडणारं. चालक आतून ते उघडतो, तोच ते बंद करतो. आपल्याला दार धाडकन ओढून लावायची जन्मजात सवय. आपण दार धरतो, तो आतून दार ओढतो, आणि दोन देशांमध्ये काही क्षण शांतपणे रस्सीखेच चालते. बक्षिशी दिलीत तर तो ती परत करतो. 'ठेवा हो' म्हणायची आपली दानतही तिथे वापरता येत नाही.

मला विचाराल तर खरं नाटक बसच्या थांब्यावर. फरसबंदीवर रांगेच्या रेषा आखलेल्या. त्या रेषेवर माणसं उभी, माणसांसमोर त्यांच्या बॅगा. गणवेशातला एक तरुण येतो, बॅगेला चिठ्ठी अडकवतो, तिचा अर्धा तुकडा आपल्या हातात देतो. मग बॅगा उतरायच्या थांब्यांनुसार वेगळ्या लावतो, सगळ्यांच्या मुठी एकाच बाजूला. एका बॅगेची मूठ चुकून उलटी राहिली होती, तर त्याने बस यायच्या आत धावत जाऊन ती सरळ केली. घड्याळात ठरलेलं मिनिट भरतं आणि बस येते. सामान चढतं, माणसं चढतात, दार मिटतं. आणि बस हलते तेव्हा तो तरुण आणि त्याचा जोडीदार थांब्यावर एका ओळीत उभे राहून कमरेत वाकतात. बसला नमस्कार! आतल्या आपल्या मंडळींची त्रेधा उडते. काहीजण हात हलवतात, काहीजण बसल्या बसल्या हात जोडतात. मागच्या बाकावरच्या एका आजींनी तर पुटपुटत आशीर्वादच दिला. एसटीच्या कुठल्याही स्थानकावर आजवर एवढ्या भावपूर्ण वातावरणात गाडी सुटलेली नाही.

बसमध्ये सूचना होते : कृपया मोबाइलवर बोलू नये, शेजाऱ्यांना त्रास होतो. ती ऐकून आपल्या घशात घास अडकतो, कारण 'पोचलात का?' असं विचारणारे सात फोन त्याच सुमारास येणार असतात. रेल्वेतही तेच. सगळा डबा गप्प. एवढी माणसं एकत्र असून भांडण नाही, गाणं नाही, 'जरा सरकून घ्या' नाही. एकमेकांत बोलायचं तर आपण नाटकातल्या स्वगताइतक्या हळू आवाजात बोलतो, तरी तो आवाज साऱ्या डब्याला ऐकू जातो. मराठी कुजबूज म्हणजे मुळातच खणखणीत.

राहता राहिल्या बॅगा. जपानी माणूस परदेशाहून येतो तोही हात हलवत घरी जातो. बॅगा विमानतळावरच्या खिडकीवर देतो, त्या दुसऱ्या दिवशी घरपोच येतात. या सेवेला ताक्युबिन म्हणतात. यामातो कंपनीने ती १९७६ मध्ये सुरू केली तेव्हा पहिल्या दिवशी फक्त ११ पार्सलं आली होती. आज तिच्यावाचून जपानी माणसाचं पान हलत नाही. साधारण मोठ्या बॅगेला दोन-तीन हजार येन पडतात. एवढं ऐकून आपण तयार होतो, आणि मग त्या कंपनीचं चिन्ह दिसतं. पिवळ्या पाटीवर काळं मांजर, तोंडात पिल्लू धरलेलं.

परक्या देशात पाऊल टाकतो न टाकतो तोच काळं मांजर आडवं, आणि आपण त्याच्याच हातात लाडू-चिवड्याची बॅग द्यायची? माझा पाय मागे आला. ही मात्र पुढे झाली. म्हणाली, "मांजर पिल्लाला दातात धरतं, पण दात लागू देत नाही. द्या इकडे." भक्तिशास्त्रात मर्कटकिशोर न्याय आणि मार्जारकिशोर न्याय असे दोन सांगितले आहेत. माकडाचं पिल्लू स्वतः आईला घट्ट धरतं, मांजराच्या पिल्लाला आईच उचलून नेते. तिकडे फिरताना एवढं कळलं की जगातले सगळे प्रवासी या दोन पंथांत विभागलेले आहेत, आणि आपण पिढ्यान् पिढ्या मर्कटपंथी. बॅग सोडवत नाही. हिने त्या दिवशी पंथ बदलला. दुसऱ्या दिवशी दुपारी बॅग दारात हजर, आतल्या एका लाडवालाही धक्का नाही.

आता तुम्ही शहरात पोचलात असं धरू. अजून हॉटेल उरलंच. शिंजुकू स्टेशनला दोनशेवर बाहेर पडायची दारं आहेत. चुकीच्या दाराने बाहेर पडलात तर हॉटेल दिसतं, पण रुळांच्या पलीकडे. सरकते जिने एका दारात, लिफ्ट दुसऱ्या दारात, आणि आपण बॅगांसकट तिसऱ्या दारात. टोकियोत जिन्यावर डावीकडे उभं राहायचं, ओसाकात उजवीकडे. त्यात बहुतेक रस्त्यांना नावंच नाहीत. पत्ता म्हणजे भाग, त्यातला विभाग, त्यातला ठोकळा, त्यातली इमारत, असे नुसते आकडे. एका सभ्य गृहस्थांना आम्ही चिठ्ठी दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली, इकडे-तिकडे पाहिलं आणि आपलं काम सोडून आमच्याबरोबर हॉटेलच्या दारापर्यंत चालत आले. वाटेत तीनदा 'क्षमा करा' म्हणाले. कशाची क्षमा, ते शेवटपर्यंत कळलं नाही. बहुधा हॉटेल त्यांना आणखी जवळ आणता आलं नाही, याची.

एक लक्षात येतं. विमानतळापासून शहरापर्यंतच्या वाटेवर कुठलाही देश आपलं खरं दर्शन देतो. तिथे पर्यटकासाठी सजवलेलं काही नसतं. गटारातून मनोऱ्यावर चढणारा राग आणि निघालेल्या बसला वाकून नमस्कार करणारी अदब, दोन्ही एकाच गावातली. शेतकऱ्यांना न विचारता केलेल्या एका चुकीची भरपाई हा देश आजतागायत करतो आहे. प्रवाशाला साठ किलोमीटर लांब उतरवलं ना, मग निदान त्या साठ किलोमीटरात त्याला तक्रारीला जागा राहू नये, अशी ती भरपाई. आपण मात्र तक्रार करायला मिळाली नाही म्हणून थकतो.

चौकशीच्या खिडकीवर मत मिळत नाही, तेव्हा ते इथे देऊन ठेवतो. दोन्ही विमानतळांचं तिकीट सारख्याच भावाने मिळत असेल तर मुकाट्याने हानेदाचं घ्या. ते शहरालगत आहे, २०१० पासून तिथे पुन्हा मोठ्या प्रमाणावर परदेशी विमानं येतात, आणि मोनोरेल किंवा केइक्यू कंपनीची गाडी काही मिनिटांत गावात पोचवते. नारिताच नशिबी आलं तर मोठी बॅग काळ्या मांजराच्या स्वाधीन करा, एका रात्रीचे कपडे खांद्यावरच्या पिशवीत ठेवा, हॉटेलचा पत्ता जपानी लिपीत लिहून खिशात ठेवा, आणि डोळे मिटून बसमध्ये बसा. रात्री उशिरा उतरणार असाल तर विमानतळाजवळच मुक्काम करा, कारण मध्यरात्रीच्या सुमारास तिकडच्या गाड्या झोपतात. टॅक्सीच्या दाराला हात लावू नका. आणि जपानात राहणारा भाचा 'एकदम सोपं आहे' म्हणाला, तर त्याला न्यायला यायला सांगा.